कोपऱ्यातली चौकट
“पालिकेनं नकाशे परत पाठवलेत! ही अक्षरं आहेत की चिरडलेल्या मुंग्या?” प्लोवदिव शहरातल्या कचेरीत मालक दोब्रेव झोर्नित्सावर खेकसला. नकाशे ती काढायची. कोपऱ्यातली नावाची चौकट भरून पीडीएफ तोच करायचा. शेवटी कागदावर तिचा गोल शिक्का लागायचा, कारण परवानाधारक अभियंता कचेरीत ती एकटीच. तिनं फाइल उघडली. दोब्रेवच्या नक्षीदार फॉन्टमुळे पीडीएफमध्ये अक्षरांचं पुसट चित्र होत होतं. साधा फॉन्ट लावून तिनं नवी पीडीएफ छापली. अक्षर न् अक्षर लख्ख उमटलं. इतके दिवस नुसता डाग वाटणारं कोपऱ्यातलंही: ‘नकाशाकार’, आणि पुढे दोब्रेवच्या जावयाचं नाव. “बघत काय बसलीस? मार शिक्का!” तिनं शिक्का पुसला आणि पर्समध्ये टाकला. “जावईबापूंना सांगा.” “त्याच्याकडे कुठला आलाय शिक्का?” ती दारातून म्हणाली, “मग त्याला एक बटाट्याचा कोरून द्या.”