वाढलेली गवार

गवार आजही वाढली होती.

सकाळी चिमणाबाईनं गच्चीवर जुनं लुगडं अंथरून सहा ओंजळी शेंगा पसरल्या होत्या. दुपारी ती रामाच्या देवळात कीर्तनाला गेली, येऊन बघते तर सात ओंजळी भरल्या. वाळवण उन्हात आटतं, वाढत नाही. आणि वाढलेल्या शेंगांवर पांढरी भुकटी होती. तिच्या शेंगा मिठाच्या पाण्यातल्या. त्यांच्यावर असलं काही नव्हतं.

पाडव्यापासून रोज हेच चाललं होतं. रोज संध्याकाळी ती पांढऱ्या शेंगा चिमट्यानं वेचायची आणि चुलीत घालायची.

तिनं नवऱ्याला सांगितलं, तर केरबा हसला. "लोकांच्या गच्चीवरनं चोरी हुती. तुझ्या गच्चीवर कोण दान करून जातंय, आणि तू रडतीस व्हय?"

"दान न्हवं, करणी हाय ती! अंगारा लावलाय, दिसत न्हाय का तुमास्नी?"

"मग वास तरी घेऊन बघ."

"मी न्हाय नाकाला लावायची!"

संशय कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. कमरेएवढ्या कठड्यापलीकडची गच्ची धाकट्या जावेची, शालूबाईची. घराची वाटणी होऊन चार वर्षं झाली, बोलणं तेव्हापासून बंद. शालूबाईला मूलबाळ नव्हतं. भांडणात चिमणाबाई बोलून गेली होती, "तुझा हात माझ्या पोरीच्या घासाला लागाय नको." पोरीलाही तिनं शपथ घातली होती, काकीच्या हातून काही घ्यायचं नाही म्हणून.

तीच पोर, नंदा, आता बिद्रीला सासरी होती. पाचवा महिना लागला होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. जावयानं हौसेनं फ्रीज घेतला होता, त्यात मटार गोठवून ठेवले होते. त्यांच्या वासानंच तिला उलटी व्हायची. तिनं आईला निरोप धाडला होता, 'आपल्या परड्यातली वाळलेली गवार पाठव. दुसरं काही नको.' परवा सकाळच्या एस.टी.नं केरबा गाठोडं घेऊन निघणार होता. त्या गाठोड्यात एक जरी पांढरी शेंग गेली तर?

दुसऱ्या दिवशी कीर्तनात बुवा शबरीच्या बोरांपर्यंत आले. झांजा थांबल्या, बुवांचा आवाज भरून आला. सगळं देऊळ डोळे पुसत होतं. चिमणाबाईच्या डोळ्यांपुढं मात्र गवार होती. आख्यानातून मधेच उठू नये, हे तिला कळत होतं. तरी ती उठली. जिन्यावर वहाणा काढून, पाय न वाजवता ती वर चढली आणि दाराआड उभी राहिली.

शालूबाई कठड्यावरून ओणवी झाली होती. पदरातल्या शेंगा मूठमूठ काढून लुगड्यावर टाकत होती आणि खालवर करून मिसळत होती. अगदी हलक्या हातानं.

चिमणाबाईनं झेप घेऊन तिचं मनगट धरलं.

"सापडलीस! माझ्या पोरीच्या पोटावर उठलीस व्हय गं, वांझोटे?"

शालूबाईचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं कमरेची पिशवी उघडून तिनं चार घड्या घातलेलं पोस्टकार्ड काढलं.

"मला वाचाय येत न्हाय, आक्का. पिराजी मास्तरांकडनं वाचून घेतलंय. तुला येतंय. वाच."

अक्षर नंदाचं होतं.

'काकीस नमस्कार. पोटात काही टिकत नाही. रात्रंदिवस तुझी ताकात भिजवून वाळवलेली गवार तेवढी आठवते. पण तुझ्या हातून काही घ्यायचं नाही, अशी आईची शपथ आहे. म्हणून मी आईकडं गवार मागते. तू तुझी तिच्या वाळवणात मिसळ. आईच्या हातून आली म्हणजे शपथ मोडायची नाही. तुझी मी ओळखून वेगळी काढीन. आईला कळू देऊ नकोस, तिच्या जिवाला लागेल.'

चिमणाबाईनं कार्ड दोनदा वाचलं. मग खाली वाकून तिनं एक पांढरी शेंग उचलली आणि पहिल्यांदाच नाकाशी नेली. आंबूस, ताकाचा वास.

खालून केरबाची हाक आली, "अगं, गाठोडं बांधतीस न्हवं? उद्या पहिली गाडी हाय!"

जावेचं मनगट अजून तिच्या हातातच होतं. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. तिनं पकड सैल केली, हात मात्र सोडला नाही.

"मी चुलीत घातली गं समदी," ती म्हणाली. "शालू, घरात अजून हाय का?"