आणखी एक चक्कर

डोळे मिटा बरं थोडा वेळ. देवणीच्या बाजाराचं मैदान डोळ्यांपुढं आणा. श्रावण सरत आलाय, तरी जमीन भेगाळलेली. मधोमध एक खांब, खांबाला पताका, आणि खांबाभोवती सायकलीच्या चाकानं कोरलेला एक गोल. सात दिवस, सात रात्री देविदास त्या गोलात फिरतोय. जेवण सायकलीवर, दाढी सायकलीवर, डुलकीसुद्धा सायकलीवर. पाय जमिनीला टेकवायचा नाही, हाच त्याचा खेळ. दिसला का? मग आता डोळे उघडा. तो उतरतोय.

"टाळ्या, मंडळी, टाळ्या!" किशनमामा भोंग्यातून ओरडला. "आमचे दाजी सायकलीवर बसले उस्मानाबाद जिल्ह्यात, अन् उतरायलेत लातूर जिल्ह्यात! जागचे हालले न्हाईत, तरी जिल्हा पार केला!"

लोक खो खो हसले. मधल्या सात दिवसांतच उस्मानाबादमधून लातूर हा नवा जिल्हा झाला होता, त्यामुळं विनोद ताजा होता. हलगी कडाडली. दोघा गड्यांनी सायकल धरली आणि देविदासनं एक पाय खाली ठेवला. मग दुसरा.

देविदासची लेक फुला गोलाच्या कडेला उभी होती. उतरल्यावर बाबा आधी तिला उचलून घ्यायचा. प्रत्येक गावात हे असंच व्हायचं. तिनं दोन्ही हात वर केले.

देविदासनं तिच्याकडं बघितलं. खांबाकडं बघावं तसं बघितलं, आणि तो पुढं गेला.

लिंबाच्या झाडाखाली गावातली कस्तुराबाई तांब्या घेऊन थांबली होती. एरवी शेवटच्या दिवशी सायकलवाल्याला घागरीनं अंघोळ घालायची रीत. यंदा गावची विहीर तळाला गेलेली, म्हणून म्हातारीनं घरच्या रांजणातलं हे एवढं पाणी आणलं होतं.

"ये लेकरा, पाणी पी," ती म्हणाली.

देविदास तिच्याकडं निघाला. चार पावलं सरळ पडली. पाचवं डावीकडं वळलं, सहावं आणखी डावीकडं, आणि तो पुन्हा खांबाशी आला. थांबला. परत निघाला. परत डावीकडं. लोक आधी हसले. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. हलगीही थांबली.

"कोणतं गाव म्हणायचं हे?" देविदासनं विचारलं.

"देवणी की हो," गर्दीतून एक जण म्हणाला.

"जिल्हा?"

"उस्मानाबाद," एक म्हातारा सवयीनं बोलून गेला.

"उस्मानाबाद कुठलं, मारोतीकाका? लातूर!"

"अरे हाव, लातूर. जिभेवर बसंना अजून."

देविदास एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघू लागला. "मी उस्मानाबादेत होतो," तो हळूच म्हणाला. "लातूरला मला कुणी आणलं?"

किशनमामानं भोंगा खाली ठेवला. "दाजी, गंमत केली हो मी. आपण हितंच हाव. चला, बसा सावलीला." त्यानं आणि एका गड्यानं देविदासच्या दंडाला धरून त्याला झाडाकडं ओढलं. देविदास ओरडला, हात झाडले, आणि सुटल्याबरोबर पुन्हा गोलात जाऊन चालू लागला. आता त्याचे पाय लटपटत होते.

"चाक थांबलं, पर डोस्कं फिरायलंय त्याचं," मारोतीकाका म्हणाले.

"धरा अन् पाडा खाली," दुसरा म्हणाला. "दोरी आणा."

"दोरी? बैल हाय का त्यो?" कस्तुराबाई खेकसली.

पण एक जण दोरी आणायला गेलाच.

काय करावं हे मोठ्या माणसांनाही कळत नव्हतं, तिथं फुलाला कुठून कळणार? बाबा समोरून जाई, तेव्हा ती "बाबा!" म्हणे. तो ऐके, मान हलवी, आणि जाई. एकदा गेला, दोनदा गेला. तिसऱ्यांदा येताना त्याचा तोल गेला, आणि तो कसाबसा सावरला.

फुला गोलात उतरली. तिनं त्याचा हात धरला. ओढला मात्र नाही. त्याच्या बाहेरच्या अंगानं, त्याच्याच पावलानं, डावीकडं चालू लागली.

"कुठं निघालो आपण?" देविदासनं विचारलं.

"हितंच, बाबा. आणखी एक चक्कर."

ते त्याला पटलं असावं. त्यानं हात सोडवून घेतला नाही.

त्या चकरेत ती चाकाच्या खुणेवरून चालली. पुढच्या चकरेत खुणेच्या बाहेरून, वीतभर. त्याच्या पुढच्या चकरेत आणखी थोडी बाहेरून. लोक मागं सरले. किशनमामानं सायकल वाटेतून बाजूला घेतली. दोरीवाला दोरी घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. गोल मोठा होत होत लिंबापर्यंत पोचला, तेव्हा कस्तुराबाईनं जागचं न हलता नुसता तांब्या पुढं केला.

देविदास थांबला. तांब्या तोंडाला लावून तो घटाघटा प्यायला. उरलेलं घोटभर पाणी बघत उभा राहिला, मग वाकून तांब्या हात धरलेल्या मुलीपुढं केला.

"पी, फुले," तो म्हणाला. आणि मग, "कोणत्या जिल्ह्यात हाव गं आपण?"

लोकांनी फुलाकडं बघितलं. फुला पाणी प्याली. तिनं रिकामा तांब्या कस्तुराबाईला दिला, बाबाचा हात नीट धरला, आणि पुन्हा डावीकडं वळली. या खेपेला लिंबाचं झाडही चकरेच्या आत आलं.