खालचे टाके

सुनेनं स्वयंपाकघर हाती घेतलं आणि वैजयंताला दुपार खायला उठू लागली. तिनं ट्रंकेतून नवऱ्यासाठी विणायला घेतलेला, सव्वीस वर्षं अर्धवट पडलेला स्वेटर काढला. बोटं आधी अडखळली, मग आपसूक चालू लागली.

थंडी पडायच्या आत स्वेटर झाला. तिच्या निवृत्त सुभेदारांनी तो आरशासमोर चढवला.

“वर झकास बसलाय. पण खाली लय आवळतोय, बटण लागंना. उसव तेवढं.”

“पोट सुटलंय तुमचं.”

“अगं, टाकेच बघ की! खाली दगडासारखे घट्ट, वर सैल. दोघींनी विणल्यागत दिसतंय.”

“मीच विणलंय सगळं,” ती म्हणाली. “खालचं, तुम्ही सीमेवर होता अन् पत्रं यायची थांबली होती, तेव्हाचं.”

सुभेदारांनी श्वास रोखला, पोट आत घेतलं आणि शेवटचं बटण लावलं.