पेइलिनची नवी शाळा

पहिलं गाव श्यूचिननं गाडीतून न उतरताच नापास केलं. शाळेच्या समोरच शिकवणीचे क्लास होते, आणि भर जुलैच्या सुट्टीतही त्यांच्या दारात मुलं ताटकळत उभी होती.

"चला पुढे," ती नवऱ्याला म्हणाली.

दुसऱ्या गावात तिचा नवरा शेन ग्वोरोंग स्वतः उतरला. शाळेच्या फाटकावर भलामोठा फलक होता: राज्यात सलग पाचव्यांदा पहिले. तो तसाच माघारी आला आणि त्यानं गाडी सुरू केली. मागच्या सीटवर त्यांची मुलगी पेइलिन खिडकीला डोकं टेकून बसली होती.

खाडीकाठच्या त्यांच्या गावात लोक उत्तम शाळा म्हणून घरं गहाण टाकून येत. इथे हे तिघं तसल्या शाळेपासून लांब पळत होते. शेजारच्या मिसेस फानना ते कळलं तेव्हा त्यांनी हसून विचारलं होतं, मुलीचं भलं करायचंय की नुकसान? पण मार्चमधली ती दुपार श्यूचिन विसरू शकत नव्हती. ती काम करायची त्या दातांच्या दवाखान्यात शाळेतून फोन आला होता: पेइलिन बाथरूममध्ये कडी लावून बसली आहे, बाहेर येत नाही. श्यूचिन धावत गेली. दाराशी बसून अर्धा तास समजावलं, तेव्हा कुठे कडी निघाली.

त्याआधीही रविवारची संध्याकाळ झाली की पेइलिनच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. परीक्षेत वर्गाचा टक्का घसरला की त्या शाळेत तिला बोलावून घेत, सगळ्यांसमोर कारण विचारत. त्या दुपारी घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला आता शाळाच नको."

ग्वोरोंग पियानो दुरुस्त करायचा. हळू बोलणारा माणूस. त्यानं तिला सांगितलं होतं, "तिथे जा म्हणून आम्हीच तुझ्या मागे लागलो होतो. आता एक शाळा आमच्याबरोबर शोध. नाही आवडली तर पुन्हा विषय काढणार नाही."

तिसरं गाव आल्डर क्रीक. डोंगराच्या पायथ्याशी, मधून ओढा. त्या अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये शाळा एकच, ओढ्याच्या काठावर. पाण्यात दोन मुलं दगडांखालच्या नांगीवाल्या चिंगाट्या पकडत होती आणि त्यांची आई, डार्लीन नावाची धिप्पाड बाई, काठावर कलिंगड कापत होती. श्यूचिन तिच्याकडे गेली आणि तिनं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. गृहपाठ किती असतो?

"वाचायला सांगतात. वाचलं तर वाचलं."

निकाल लागल्यावर पालक भांडायला जातात का? डार्लीनला प्रश्नच कळला नाही. भांडायचं कशावरून, असं तिनं उलट विचारलं.

"इथे कुणी रडत घरी जात नाही?"

"गुडघा फुटला तर जातं की." तिनं कलिंगडाची फोड पुढे केली. "तुमच्यापैकी कोण रडतं?"

श्यूचिननं वळून पाहिलं. पेइलिन गाडीत नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती पाण्यात उभी होती, आणि डार्लीनचा धाकटा तिला दगड कसा उचलायचा ते दाखवत होता. चिंगाटीनं बोट धरलं तशी ती किंचाळली आणि हसत सुटली. ते हसू ऐकून ग्वोरोंगनं चष्मा काढून पुसला.

त्यानंतर सगळं धडाधड घडलं. पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलं. रासमुसेन चिखलानं माखलेले बूट घालूनच आले, पेइलिनला घेऊन आत गेले आणि आईवडिलांना बाहेरच्या बाकावर बसवलं. श्यूचिनचा जीव टांगणीला लागला. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग दोघांचं हसणं ऐकू आलं. बाहेर आल्यावर रासमुसेन म्हणाले, शाळा उघडेल त्या दिवसापासून येऊ दे.

परतीच्या वाटेवर पेइलिन थांबता थांबेना. इथे शुक्रवारी दुपारी वर्ग ओढ्यावर भरतो. घंटा नाही, मुख्याध्यापक स्वतः ताट वाजवतात. आणि मागच्या वर्षी एका मुलानं वर्गात शेळी आणली होती, बाबा, खरंच. ग्वोरोंग आरशातून तिच्याकडे बघत राहिला. मागून भोंगा वाजला तेव्हा कुठे त्याला सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं.

त्यांनी ओढ्यापलीकडे छोटं घर भाड्यानं घेतलं. पियानो काय, कुठल्याही गावात बिघडतात, असं ग्वोरोंग म्हणाला. मिसेस फानना श्यूचिननं फोनवर सांगितलं की पोरगी दोन वेळा वाढून घेते. रविवारची संध्याकाळ आली, गेली. पोट दुखलं नाही.

पहिल्या दिवशी पेइलिन सगळ्यांच्या आधी उठली. नवे बूट, नवी बॅग. श्यूचिननं डब्यात डंपलिंग भरले आणि कुणाला द्यावे लागले तर म्हणून चार जास्त घातले. ग्वोरोंगनं दारात उभं करून फोटो काढला, मग आणखी एक. दोघंही तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. श्यूचिननं तिची कॉलर नीट केली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत."

पेइलिननं एक मोठा श्वास घेतला आणि ती आत गेली. व्हरांड्यात मुलांचा गलका होता. तिला बघून तो हळूहळू थांबला. घोळक्यातून दोन वेण्या घातलेली, दात पडलेली एक चिमुरडी पुढे आली, मान वर करून तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं विचारलं,

"तुम्हीच का आमच्या नव्या बाई?"