लेथखालच्या पट्ट्या

रस्मादीने पहार लोखंड कातायच्या लेथच्या पायाखाली सारली, गुडघा टेकून जोर लावला आणि दुसऱ्या हाताने पत्र्याची पट्टी आत ढकलली. ही अकरावी. समुद्राच्या बाजूचा पाय पुन्हा खचला होता.

"आजही तिचेच पाय धरून बसलात का, दादा?" शेजारीण चासरिया तळलेल्या ताहूची, सोयाबीनच्या पनीरची, बशी घेऊन दारात उभी होती. "वहिनींचे नाही कधी इतक्या मायेने धरलेत!"

"उद्या वाह्योनो येतोय. म्हणून हा खटाटोप."

खटाटोपाचं कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या वाह्योनोला, रस्मादीच्या मुलाला. तेगल शहराच्या किनाऱ्याकडची ती गल्ली वर्षानुवर्षं हळूहळू खाली जात होती. रस्मादीची बायको गेली, चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं, तेव्हा वाह्योनो म्हणाला होता, "बाबा, हे घर बुडतंय. आमच्याकडे बांडुंगला चला."

रस्मादी हट्टी माणूस. "माझी लेथ लेव्हलमध्ये आहे तोवर जमीन पक्की आहे. ती कलली की त्याच दिवशी बॅग उचलतो. शब्द माझा!"

वाह्योनो याच लेथच्या आवाजात लहानाचा मोठा झालेला. जॉब पकडणारा चक कसा बसवायचा, खालच्या लोखंडी बेडला तेलाचा हात कसा द्यायचा, सगळं इथेच शिकलेला. जमीन हलली की आधी लेथ कलते आणि जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक येतो, हे त्याला काय सांगायचं? तो कबूल झाला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आगगाडीने यायचा, आपल्या बांडुंगच्या कारखान्यातली पाणसळ लाकडी पेटीतून आणायचा आणि लेथच्या बेडवर ठेवायचा. ती गवंड्याची पाणसळ नव्हे. खाली कागद सरकवला तरी तिचा बुडबुडा पळायचा.

आणि आदल्या शनिवारी रस्मादी दार लोटून घ्यायचा. लोखंडाचा बुरादा झाडायचा, पाय उचलायचा, पट्टी सारायचा, बोल्ट आवळायचा. सरळसरळ लबाडी होती, पण मापात केलेली.

रविवारी बुडबुडा मधोमध दिसला की वाह्योनो लांब श्वास सोडायचा. बिचाऱ्याच्या किती जिवाला लागतं, असं वाटून रस्मादीला कसंनुसं व्हायचं. मग दोघं मातीच्या किटलीतला खडीसाखरेचा चहा प्यायचे आणि मुलगा दुपारच्या गाडीने परत जायचा. वाकून पायाखाली काय आहे ते त्याने एकदाही पाहिलं नाही. "धंदा विसरलं पोरगं!" असं चासरियाला सांगताना रस्मादीला हसू आवरायचं नाही.

अकरावी पट्टी घातल्यावर आठवड्याभरातच मात्र गंमत सरली. एका सकाळी भरतीचं पाणी गटारातून उलटं आलं आणि घरात शिरलं. लेथची मोटर वाचवायला रस्मादी धावला, तेलकट फरशीवर पाय घसरला आणि धाडकन आडवा झाला. कंबर हलेना. पाणी कानापर्यंत आलं. तो हाका मारत राहिला. दीड तासाने बाजारातून परतलेल्या चासरियाने त्या ऐकल्या.

"लई घाबरलो गं," अंथरुणावर पडल्या पडल्या तो तिला म्हणाला. "मरणाला नाही. कुणालाच ऐकू जात नव्हतं, त्याला."

"मग जा ना पोराकडे! सांगा त्याला, नेतोस का म्हणून."

"दोन वर्षं नाही नाही म्हणत आलो. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने! नवीन कुठून आणणार?"

रस्मादीने मान वळवून लेथकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी कशाला सांगू? लेथ सांगेल."

कंबर जरा धरू लागली तेव्हा, वाह्योनो यायच्या आदल्या शनिवारी, त्याने लेथ अशी साफ केली की लग्नाला न्यायची असावी. चकचे जबडे काढून पुसले, बेडवर ताजं तेल ओढलं, खारं पाणी लागलेले बोल्ट घासून काढले. मग पहार लावली आणि अकराच्या अकरा पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या. लेथ समुद्राकडे झुकली. हिला कोण विकत घेणार म्हणून चासरियाच्या भावाला तशीच देऊन टाकायचं ठरलं. बॅगेत दोन सारोंग, टोपी, मायक्रोमीटर आणि नातीसाठी पितळेचा भोवरा भरून झाला. रात्री त्याला छान झोप लागली.

रविवारी वाह्योनो आला. "लंगडताय का, बाबा?"

"घसरलो जरा. म्हातारपण, दुसरं काय!"

लेथशेजारच्या स्टुलावर भरलेली बॅग होती. वाह्योनोने ती उचलून खाली ठेवली आणि स्टुलावर आपली पेटी उघडली. पाणसळ फडक्याने पुसून बेडवर ठेवली आणि तो वाकला.

रस्मादी त्याच्या खांद्यावरून पाहत होता. बुडबुडा पार टोकाला जाऊन चिकटला होता. शिकाऊ पोरालाही कळलं असतं.

वाह्योनोने बुडबुडा नीट पाहिला. रस्मादीने हसू दाबलं. आता म्हणेल, चला. आपण जरा आढेवेढे घ्यायचे, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बॅग उचलायची.

वाह्योनोने पाणसळ उचलली, पेटीत ठेवली, झाकण लावलं.

"अगदी मधोमध आहे, बाबा."