विहिरीतली पणती

परसातल्या विहिरीत उतरायचं तर आधी बादलीत पेटती पणती ठेवून खाली सोडायची. कुंभकोणमजवळ तिरुनागेश्वरमला सुंदरेशच्या घरी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पणती विझली तर खाली श्वासापुरतीही हवा नाही, असं समजायचं. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ हरिकृष्ण घाईत तसाच उतरला आणि गुदमरून गेला.

आज गाळ काढायचा होता. भर दुपारी शिवकामीने पणती पेटवली. नवऱ्याने बादली सोडली. तळाशी पोचण्याआधीच ज्योत बारीक झाली आणि विझली.

"अहो, विझली. उतरू नका."

सुंदरेशने बादली वर ओढली. पणती शांत जळत होती.

"बघ. हवा चांगली आहे," असं म्हणून तो दोर धरून उतरू लागला.

शिवकामीने बादलीत पाहिलं. पणतीशेजारी जळकी काडी पडली होती. तिची नव्हे, तिची तर तुळशीपाशीच पडलेली. काडेपेटी अजून तिच्या मुठीत होती.

ती कठड्यावरून वाकली. सुंदरेश अर्ध्यावर पोचला होता, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून.

त्याच्या पायांखालच्या काळोखात कुणीतरी काडी ओढली.