दुकानातलं घड्याळ

पाचला डॉक्टरांचा फोन येणार होता आणि फ्रेमवाल्याचा हात काही केल्या चालत नव्हता. काचेवर रेघ ओढावी, हलकेच दाब द्यावा, तर काच भलतीकडेच फुटायची. सकाळपासून हेच. त्याने हत्यार ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

हे घड्याळ लग्नात आलेलं. पण बायकोची झोप इतकी सावध, की टिकटिक ऐकून तिच्या डोक्यात घण पडत. पहिल्याच आठवड्यात तिने ते दुकानात धाडलं होतं.

"ठरली का हृदयाची झडप?" बायकोने दुकानात शिरता शिरताच विचारलं.

"ठरायचंय काय त्यात? जनावराच्या पडद्यापासून केलेली असते ना, तीच."

"अहो, ती पंधरा वर्षांत झिजते म्हणाले ना. पुन्हा छाती उघडायची? धातूची घ्या, जन्माची कटकट मिटेल."

"आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, मरेपर्यंत. काचेच्या धंद्यात? बोट कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही."

"काच मी कापेन." तिने टेबलावरचे तुकडे पाहिले. "याहून वाईट तर नाही कापणार."

तो हसला नाही. उठून दारापर्यंत गेला, परत आला, सरळ असलेल्या फ्रेमा पुन्हा सरळ करत बसला. ती औषधं आणायला गेली असताना डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले होते. ती त्याने अजून पोटातच ठेवली होती.

"वाजते ती धातूची," तो एकदाचा म्हणाला. "शांत खोलीत शेजारच्याला ऐकू येते. रात्रभर. घड्याळ इथे धाडलंस. मला कुठे धाडशील?"

बायको स्टुलावर टेकली.

"तुम्ही चक्कर येऊन पडलात ना, तेव्हापासून रात्री सारखी उठते मी. तुमच्या नाकाशी बोट धरते. बोटाला श्वास लागला की मग आडवी होते. झोप राहिलीये कुठे?" ती म्हणाली. "वाजू दे की. पडल्या पडल्या कळेल तरी."

फोन वाजला. त्याने तो उचलला आणि "धातूची" एवढंच सांगितलं. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

तो वळला तेव्हा भिंत रिकामी होती. बायको फडक्याने घड्याळावरची धूळ पुसत होती.

"घरी नेते," ती म्हणाली. "तुम्ही दवाखान्यातून परत येईपर्यंत सवय व्हायला हवी."